काळी पाच ते पांढरी तीन

या, जरा पुढं सरका. असं दाराशी, चपलांजवळ बसून का कोणाचं बोलणं ऐकू येते? अन् आधी तुमच्यावर थोडं रागावून घेते, चहाचं मग बघू. तुम्ही सगळे भेटलात की पहिला प्रश्न एकच. “बाई, तुमचा तो जुना आवाज कुठं गेला हो?” तोही कसा, घरातलं माणूस गेल्यावर विचारपूस करावी तसा, मान तिरपी करून, हळू आवाजात. माझा आवाज काय बाजारात हरवला, की नदीत वाहून गेला? मी तुमच्यासमोर उभी आहे, भाजीची पिशवी हातात आहे, मी बोलते आहे, अन् तुम्ही मलाच विचारता आवाज कुठं गेला! असं विचारू नये. निदान माझ्यासारख्या तोंडाळ बाईला तर नाहीच.

दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, माझं शिक्षण सातवी, लिहीन तर बोलते तसंच लिहीन. ते म्हणाले, चालेल. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर एकदाच सगळ्यांना मिळून देते.

मी यमुना. माहेर करडी, सासर कारधा, वैनगंगेच्या या काठावर. पुलावरून गेलं की भंडारा. काम काय, तर रॉक गाते. हो, भंडारा जिल्ह्यात. हो, पाचवारी लुगडं नेसून. हसून झालं असेल तर पुढं सांगते.

माझा गळा कोणा गुरूनं घडवला नाही, पोपटांनी घडवला. करडीला आमच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, तलावाच्या पाळीखालीच होत्या. धान भरत आलं की पोपटांचे थवे उतरायचे, अन् घरातली मी सगळ्यांत काटकुळी पोट्टी, म्हणून राखणीला माझी नेमणूक. दिवसभर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहायचं अन् हाक द्यायची. “हाऽऽऽ हुर्रेऽऽऽ!” त्यात शब्द काही नाही, नुसता आवाज. पण तो अगदी पातळ, टोकदार, वरच्या वर गेला पाहिजे. बाबा म्हणायचे, “पाखरू पातळ आवाजाले भेते, यमू. जाड आवाज काढशीन तं ते आरामात खात बसन.” बाबांची स्वतःची हाक वेगळी होती, ती रानडुकरांसाठी. ती पोटातून यायची, खरखरीत, जमिनीवरून सरपटत जाणारी. ती मला काढता येत नव्हती. मी काढायला गेले की बाबा हसायचे, “राहू दे. तुह्या गळ्याले अजून टाइम हाय.”

लग्नानंतर भंडाऱ्याच्या एका ऑर्केस्ट्रात गायला लागले. सिनेमाची गाणी, लग्नं, सत्कार, असलं सगळं. गोड गाणाऱ्या दुसऱ्या दोघी होत्या. माझ्या वाट्याला उरलेली यायची, एखादी वरची ओळ ओढायची असेल तर. मग जिल्हा फुटला. गोंदिया वेगळा झाला, कचेऱ्या वाटल्या गेल्या, अन् आमचा ऑर्केस्ट्राही वाटला गेला. मालक गोंदियाकडचा. तो आपला कीबोर्ड, आपले भोंगे अन् त्या दोघी गोड गळ्यांच्या घेऊन तिकडं निघून गेला. जाताना मला म्हणाला, “यमुनाबाई, तुमचा आवाज शेतासाठी ठीक आहे.”

इकडं उरलो आम्ही तिघं. प्रमोद गिटारवाला, भंडाऱ्यातल्या कोष्ट्याच्या घरातला. त्याच्या घरी हातमागावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात. हेमराज ड्रमवाला, एकोडीचा धानकरी. अन् मी. पेटी नाही, बासरी नाही, गोडवा नाही. तिघांनी मिळून जे वाजेल ते वाजवलं, अन् नागपूरच्या कॉलेजातला एक पाहुणा ऐकून म्हणाला, “हे तर रॉक आहे!” आम्ही म्हटलं, असेल बाप्पा. तुम्ही म्हणता तर असेल.

मी तेव्हाच शपथ घेतली. पुन्हा आपल्या मंडळात कीबोर्ड येणार नाही. जो गोडवा आपल्याला सोडून गेला त्याची आठवणही नको. ही शपथ लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या कहाणीची खोट त्या शपथेत आहे.

गाणी आम्ही आमचीच केली, आमच्या बोलीत. रोवण्याची म्हणजे धानाच्या लावणीची, बाजाराची, नवऱ्याच्या घोरण्याची. सगळ्यांत चाललं ते ‘राखण’. त्याची सुरुवात माझ्या धुऱ्यावरच्या हाकेनं. आधी सगळं शांत, मग मी एकटी “हाऽऽऽ हुर्रेऽऽऽ”, श्वास संपेपर्यंत, अन् तिच्या शेपटीवर गिटार अन् ड्रम एकदम कोसळायचे. पुढच्या रांगेतले लोक कानांवर हात ठेवायचे अन् दात काढायचे.

हे काम म्हणजे ओरडणं नव्हे, हं. ओरडतो तो नवरा. रॉकचा खरखरीतपणा गळा खरवडून काढला तर चार दिवस टिकतो. तो पोटाच्या जोरानं वर ढकलायचा असतो अन् गळा सैल ठेवायचा असतो, विहिरीतून बादली ओढताना दोर हातात सैल पण पाय घट्ट असतात तसा. हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा ड्रमच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून एका कानात बोट घालून मी आणखी जोर लावायची. हेमराज म्हणायचा, “बाई, माइक हाय हातात. थो कायले दिला?”

गिऱ्हाइकं तरी कशी भेटली! साकोलीकडं एका दोरखंड-खिळ्यांच्या दुकानाचं उद्घाटन होतं. दुकानदार म्हणाला, “असं गा की रस्त्यानं जाणारा थांबला पाहिजे.” मी हाक दिली. जाणारे थांबले, पण विटा घेऊन जाणारी बैलजोडी थांबली नाही. ती अशी उधळली की विटा रस्ताभर अन् गाडीवान नाल्यात. कासरा तुटला. गाडीवान उठला, धूळ झटकली अन् त्याच दुकानात नवा कासरा घ्यायला आला. दुकानदार हात जोडून म्हणाला, “बाई, लय गुणाचा पाय तुमचा. पयलं गिऱ्हाईक तुम्हीच आणलं.”

एकोडीला कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी मंचामागं आली. माझ्याकडं बराच वेळ पाहून म्हणाली, “बाई, तुले एवढा राग कोणाचा आला व?”

मी म्हटलं, “आजी, यादी लय मोठी हाय.”

“मंग माहीवाली दोन नावं बी टाक त्याच्यात,” म्हणाली, अन् खरंच कानात दोन नावं सांगून गेली. त्या गावात मी नंतर जेव्हा गायले तेव्हा ती दोन नावं मनात धरून गायले. सांगणार नाही कोणाची. एक तर तेव्हा पुढच्याच रांगेत बसायचा.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मी सगळ्यांना ताठ मानेनं सांगायची, “माझी पट्टी काळी पाच. पहिल्या दिवशी होती, आजही तीच.” ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात. गाणारा आपला ‘सा’ ज्या पट्टीवर धरतो ती त्याची पट्टी. काळी पाच ही बाईमाणसासाठी चांगली उंच. त्याखाली उतरत जावं तसा आवाज जाड होत जातो. पुरुष बहुतेक पार खाली, काळी एक अन् पांढरी एकच्या आसपास गातात. गाणाऱ्या बाईला तिची पट्टी विचारणं म्हणजे वय विचारण्यासारखंच. फरक इतकाच की मी वय लपवायची अन् पट्टी मिरवायची.

मग भंडाऱ्यात एका सभागृहात चार-पाच मंडळांचा मिळून दुपारचा कार्यक्रम होता. सगळ्यांसाठी एकच कीबोर्डवाला बाहेरून आणलेला. माझी शपथ होती, पण आयोजकांचा नियम होता. कीबोर्डवाल्यानं विचारलं, “पट्टी?”

मी माइकवरच सांगितलं, लोकांनाही ऐकू जावं म्हणून. “काळी पाच!”

मागून प्रमोद माझ्या कानाशी आला. तोंड पांढरं पडलेलं. “बाई, पांढरी पाच सांगा.”

“काहून? मी म्हातारी झाली का?”

“बाई, ऐका माहं...”

“जाय, आपल्या जागेवर उभा राह्य.”

कीबोर्डवाल्यानं काळी पाच धरली. ती मला परक्याच्या घराच्या उंच पायरीसारखी लागली. मी म्हटलं, याचं यंत्र बिघडलं असेल. अन् हाक दिली.

अर्ध्यावर गेली अन् फाटली. फाटली म्हणजे कशी? कोंबड्याच्या पिलाची मान धरावी तशी. एक चिरका आवाज, मग नुसती हवा. पाचशे माणसांनी ऐकलं. मग कोणीतरी हसलं, अन् त्याला बघून सगळे. मी पुन्हा घेतली. पुन्हा फाटली. तिसऱ्यांदा घेण्याआधी हेमराजनं ड्रम वाजवायला सुरुवात केली, अन् ते गाणं आम्ही कसं संपवलं ते मला आठवत नाही.

बाहेर चिंचेखाली मी प्रमोदला धरलं. त्यानं सगळं सांगून टाकलं. आमच्यात पेटी नाही, सुराचं यंत्र नाही. सगळे त्याच्या गिटारीवरून सूर घ्यायचो. माझी हाक जेव्हा जेव्हा काठावर यायला लागली, तेव्हा तेव्हा त्यानं गिटारीच्या तारा थोड्या थोड्या सैल केल्या. दर दोन-तीन वर्षांनी एक पायरी. अशा तीन पायऱ्या. मी काळी पाच म्हणत मिरवत होते अन् कितीतरी दिवसांपासून पांढरी पाचमध्ये गात होते. आमच्यात एक साधी पेटी असती तर पहिल्याच दिवशी समजलं असतं. पण पेटी मीच घराबाहेर ठेवली होती.

“ताणा लय ताणला तं तुटते, बाई,” तो म्हणाला. “आमच्या घरी मागावर पोट्ट्यायले पयलं हेच शिकवते.”

“मी काय मागावरचं सूत हाय? मले सांगाचं नाई?”

त्यानं गिटार पिशवीत भरायला घेतली. अन् मी जे बोलले ते आता इथं लिहिते, कारण लपवून काय करू? मी म्हटलं, “तू माह्या गळ्यात चोरासारखा हात घातला. पुन्हा माह्यासमोर गिटार धरू नोको.” त्यानं धरली नाही. दीड वर्ष. भिंतीला टांगून ठेवली अन् मागावर बसला. माझ्या कामातल्या सगळ्या चुकांत ही मोठी. आवाज फाटला त्याचं मला काही नाही, आवाज फाटतोच. हे नव्हतं करायचं.

घसा तर बसलाच होता. मग प्रत्येकानं आपापलं औषध आणलं. ज्येष्ठमध, हळद, मिरे, कोणाच्या गुरुजींचा मंत्र. सासूबाईंनी सांगितलं, “बोलू नोको, पुटपुट.” मी तीन महिने कुजबुजत बोलले. नंतर समजलं की कुजबुजण्यानं गळ्याला आराम नाही, उलट जास्त त्रास होतो. तीन महिने मी माझ्या गळ्यावर प्रेमानं वरवंटा फिरवत होते.

शेवटी नागपूरला एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. तरुण पोरगी. तिनं विचारलं, “काम काय करता?”

“गाते.”

“भजनं?”

“रॉक.”

तिनं माझ्या लुगड्याकडं पाहिलं, कपाळाच्या कुंकवाकडं पाहिलं, अन् कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे. मग नळीचा कॅमेरा घशात घालून पडद्यावर दाखवलं. आयुष्यभर ज्याच्या जिवावर खाल्लं ते मी पहिल्यांदा पाहिलं. दोन पांढऱ्या पाती, उघडतात, मिटतात. अन् दोन्ही पातींवर मध्ये एकेक बारीक गाठ.

“घाबरू नका,” ती म्हणाली. “तळहाताला घट्टे पडतात ना काम करून, तसंच हे.”

मी माझे तळहात पुढं केले. विळ्याचे घट्टे अजून होते. म्हटलं, “म्हणजे हा बी कष्टाचाच गळा हाय म्हणा ना!” ती हसली, अन् मला ती तेव्हापासून आवडली.

तिनं सांगितलं, सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, मग शिकवते तसं हळूहळू. गाठी जातील. पण पट्टी पुन्हा वर जाणार नाही. पाळी गेल्यावर बाईच्या गळ्यातल्या या पाती जाड होतात, आवाज खाली येतो. सगळ्यांचाच. गाणारीला लवकर समजतं, एवढाच फरक. हे कोणी मला आधी सांगितलं नव्हतं. केस पांढरे होतात, गुडघे दुखतात, हे सगळं बायका एकमेकींना सांगतात. आवाज उतरतो हे कोणी कोणाला सांगत नाही. म्हणून मी इथं छापून सांगते आहे. घ्या, ज्यांना लाज वाटते त्यांनी पान उलटा.

सहा आठवडे मी मुकी. घरात ताटलीवर चमचा वाजवून बोलायची. एकदा वाजवला तर चहा, दोनदा तर जेवण, सारखा वाजवला तर राग. आमचे हे शेजाऱ्यांना सांगायचे, “लग्नाले इतकी वर्षं झाली, पयल्यांदा भांडणात मी जिंकून राहिलो.” पण पाचव्या आठवड्यात एका सकाळी माझ्यापाशी येऊन बसले अन् म्हणाले, “बोल व आता काहीतरी. घर परकं वाटते.”

बोलायला लागले तेव्हा आवाज खाली होता. बराच खाली. फोनवर लोक मला “काकाजी” म्हणायला लागले. खोटं कशाला सांगू, मला जुना आवाज आठवायचा. आमची एक जुनी सीडी होती, शेजारच्या घरी लागायची. मी भाजी चिरता चिरता थांबायची अन् माझेच ओठ त्या हाकेबरोबर हलायचे. आवाज काढायची नाही, नुसते ओठ. मग भाजी विळीवर जोरात ओढायची.

त्याच दिवसांत एकदा पूल ओलांडून प्रमोदच्या घरी गेले. तो मागावर बसलेला. माझ्याकडं पाहून उठायला गेला. मी म्हटलं, “बस. ताणा सोडू नोको.” मग मीच त्याच्या मागापाशी जमिनीवर फतकल मारून बसले.

“तुह्या हाताले समजलं माहा गळा उतरून राहिला ते,” मी म्हटलं. “मंग तोंडानं सांगाले काय झालं होतं?”

तो सुतातून नजर न काढता म्हणाला, “तुमचा भेव वाटे, बाई.”

“माह्यावाला?”

“बैल उधळले होते साकोलीले. मी तं माणूस.”

दोघंही हसलो. माझं ते हसणं इतकं खाली गेलं की त्याचे हात मागावर थांबले. “पुन्हा हसा,” म्हणाला. उठला, भिंतीवरची गिटार काढली, सैल तारा चढवत चढवत त्यांच्या खऱ्या जागी नेल्या, अन् सगळ्यांत जाड तार मोकळी वाजवली. तिच्यावर हात ठेवला नाही, काही नाही. ती घरभर घुमली. “ही पांढरी तीन, पांढरी पाचच्या बी तीन पायऱ्या खाली. गिटारीची आपली घरची तार. इतकी वर्षं मी तिले सैल करून ठेवलं होतं. घ्या बरं सूर.”

मी घेतला. काही ओढावं लागलं नाही. चुलीपाशी बसावं तशी मी त्या सुरात बसले.

आता खरी गोष्ट. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. बाहेरगावच्यांसाठी सांगते, ही भाजीची मंडई नव्हे. दिवसभराची जत्रा असते. पाहुणे येतात, लेकीबाळी येतात, दुकानं लागतात, मंचावर काही ना काही चालू असतं. त्या वर्षी एका गावच्या मंडईत दुपारी आमचं गाणं ठरलं. मंडईचे अध्यक्ष भले माणूस, पण त्यांनी माझा नवा आवाज कुठंतरी ऐकला होता. ते सीडी घेऊनच आले.

“यमुनाबाई, आपण असं करू. ही लावून देतो. तुम्ही माइक धरा, ओठ हालवा. कोणाले समजत नाही.”

“मले समजते ना.”

“तुमच्या चांगल्यासाठीच सांगून राहिलो जी. लोक हसतीन. मागं भंडाऱ्याले काय झालं ते सगळ्यायले माहीत हाय. तुमचं नाव राहू द्या तसंच. नाही तं मंग नागपूरची एक पोरगी तयार हाय, तिले बोलावतो पुढच्या साली.”

म्हणजे बघा. जुन्या आवाजाची नोकर होऊन उभी राहा, नाही तर घरी बसा. मला खरंच भीती वाटली. माझ्या जवळ दुसरं काय होतं? रोवणे मला आता वाकून होत नाहीत. स्वयंपाक कोणालाही येतो. हाक मात्र माझी. ती गेली तर मी कोण, काकाजी म्हणवून घेणारी एक म्हातारी?

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मंचावर गेले. समोर ऊन, मुरमुऱ्याचे ढीग, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, मागं कापणीला आलेलं धान. अध्यक्षांनी खूण केली अन् सीडी लागली.

भोंग्यांतून माझी हाक निघाली. काळी पाच. पातळ, टोकदार, आभाळात शिरणारी. काय आवाज होता हो! मी माइक धरून उभी होते, अन् तोंड बंद ठेवलं होतं. ओठ घट्ट. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग त्यांच्या लक्षात आलं. बाईचं तोंड बंद आहे अन् बाई गाते आहे. टाळ्या विरत गेल्या. अध्यक्ष खालून हातवारे करायला लागले, ओठ, ओठ! मी हाक पूर्ण होऊ दिली. तिचा मान होता तो. मग हेमराजला म्हटलं, “वायर काढ.” त्यानं ती पायानंच ओढून काढली.

मी माइकवर म्हटलं, “ऐकलं? थो माहाच आवाज होता. गोड होता, नाही? आता आज जो हाय थो ऐका. ज्यायले नाही ऐकाचा त्यायनं मुरमुरे घ्या.”

प्रमोदनं जाड तार मोकळी वाजवली. अन् त्या क्षणापर्यंत, खरं सांगते, मी ठरवलं नव्हतं काय करायचं. जुनी हाकच खालच्या पट्टीत घ्यायची असा बेत होता. पण पाखरांची हाक खाली आणली की ती लंगडी होते, ते मी घरी करून पाहिलं होतं. त्या घुमणाऱ्या तारेवर मला बाबा आठवले. तुह्या गळ्याले अजून टाइम हाय. टाइम झाला होता. मी गुडघे थोडे वाकवले, पोट घट्ट केलं, गळा सैल सोडला, अन् बाबांची हाक दिली. रानडुकरांची. “होऽऽऽ धुर्रर्रऽऽऽ होऽऽऽ!” खरखरीत, जमिनीवरून सरपटत जाणारी. तिला ना वर चढायची घाई होती ना फाटायची भीती. ती फाटलेलीच होती, तशीच तिला लागते.

कोणी वाहवा केली नाही लगेच. मंचाखाली झोपलेलं कुत्रं उठून चालायला लागलं. एक टवाळ ओरडला, “बाई हाय का बाप्या?”

मी म्हटलं, “खाली बस रे बाबू. आधी डुकरं हाकलून होऊ दे, मंग तुह्याकडं पाहतो.”

तो बसला. हसू उठलं, पण ते त्याच्यावर. अन् हसू ओसरायच्या आत मागून, पार मुरमुऱ्याच्या दुकानापासून, कोण्या म्हाताऱ्या बाईनं उत्तर दिलं. “होऽऽऽ धुर्रर्रऽऽऽ!” एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्याला द्यावं तसं. मग दुसऱ्या बाजूनं एकीनं. राखण केलेली माणसं होती ती. त्यांना कोणी सांगावं लागलं नाही की ही कोणत्या जनावराची हाक. हेमराजनं काठ्या उचलल्या अन् आम्ही ‘राखण’ पांढरी तीनमध्ये वाजवलं, पहिल्यांदा. शब्द जागच्या जागी बदलले. पोपट काढला, डुक्कर घातलं.

अध्यक्ष रागावले. पुढच्या वर्षी त्यांनी नागपूरच्या मुलीला बोलावलं. मी जाऊन ऐकलं. चांगली गाते. काळी चार. मंचाच्या मागं जाऊन तिला म्हटलं, “पोरी, मंडळात एक पेटी ठेव अन् तिला दर वर्षी खरं विचार.” तिला काही समजलं नाही. समजेल. त्यानंतरच्या वर्षी अध्यक्षांनी दोघींना बोलावलं, अन् सीडीचं नाव काढलं नाही.

तर हे उत्तर आहे. जुना आवाज कुठं गेला? तो पाखरांमागं गेला, अन् ते काम त्यानं चोख केलं. आता माझ्याकडं दुसरं काम आहे. आमच्या मंडळात एक जुनी पेटी आहे, प्रमोदनं आणली. दर दिवाळीला तिच्यावर आम्ही माझी पट्टी बघतो अन् जी असेल ती मी मंचावरून सांगते, वयासकट.

या वर्षीची मंडई माझ्या माहेरी, करडीला आहे, भाऊबीज झाली की लगेच. दुपारचंच गाणं आहे, तेव्हा अंधाराचं निमित्त सांगू नका. जेवायला माझ्या भावाकडं. नवं धान नसलं तरी जुन्याचा भात आहे, तलावाची मासोळी आहे. अन् या तर लवकर या, आजउद्या करू नका. यंदा पेटीवर बसले तर पांढरी तीनही जरा उंच वाटते आहे. आणखी एक पायरी उतरेल असं दिसते. उतरू द्या. त्या पट्टीलाही भिणारं एखादं जनावर रानात असेलच. ते कोणतं, ते आपण मिळून बघू. याल ना?